दोन्हीकडे बरोबरची खूण

३ जुलै, सकाळी १०

नवीन वही. आजपासून रोज लिहिणार. कारण आज माझ्या आयुष्यात एक आकडा आला आहे.

४१,२१६ पेसो.

शाळेला हिवाळी सुट्टी, जुलैतली थंडी कडक. पेल्यात माटेचा कडू चहा भरला, गरम पाण्याचा थर्मास काखेत मारला आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. टॅक्स खातं हल्ली गेल्या वर्षीचं विवरण स्वतःच तयार करून ठेवतं. आपण बघायचं आणि 'मान्य' दाबायचं. शेवटच्या ओळीत हा आकडा, जाड अक्षरात. रिफंड.

हे आपोआप झालेलं नाही. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून मला दोन नोकऱ्या आहेत: सकाळी सरकारी शाळेत पर्यवेक्षक, दुपारी औषधांच्या गोदामात हिशेबनीस. नोकरीला लागताना प्रत्येक मालक एक फॉर्म देतो. त्यात एक चौकट असते. पगारातली पहिली अमुक रक्कम करमुक्त, ती सूट इथे लावायची का? लोक भित्रे, एकाच नोकरीत खूण करतात. मी दोन्हीकडे केली. त्यामुळे वर्षभरात टॅक्स कापला गेला शून्य. चौकटीखाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं, पण चष्मा घरी होता.

शाळेत याला 'दार्दो पद्धत' म्हणतात. नाव माझं, सुचवलंही मीच. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या नऊ जणांनी ती घेतली. माझ्या बायकोचा, नेलिदाचा फॉर्म तर मी स्वतः भरला, माझ्या पेनाने. ती दोन हॉस्पिटलांत नर्स आहे, तिला वेळ नसतो.

तिला स्वयंपाकघरात जाऊन आकडा सांगितला. ती म्हणाली, जाड्या, वर्षभर काही कापलंच नाही तर परत काय देतायत? मी म्हणालो की सगळ्याच गोष्टी नर्सिंगमध्ये शिकवत नाहीत.

मग तिला म्हणालो, चौदा सप्टेंबरला लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, साल्तोला जाऊ, गरम पाण्याच्या कुंडात बसू, तीन रात्री. तिने हात पुसले आणि माझा मुका घेतला. अकरा वर्षं ती त्या कुंडांविषयी बोलतेय.

दुपारी ४. हॉटेल बुक. बारा हजार आगाऊ, कार्डावर. परत मिळणार नाहीत असं तीनदा लिहिलं होतं. परत कोणाला हवेत.

४ जुलै

शाळेच्या ग्रुपवर टाकलं: मित्रांनो, पान उघडा, आकडा बघा, आनंद करा. रसायन शिकवणाऱ्या ओफेलियाबाईंनी टाळ्या पाठवल्या. पीटीचा विल्मार म्हणाला, लेका, तुझा पुतळा उभारू मैदानात. मी म्हणालो पुतळा नको. अर्धपुतळा चालेल, हे मनात.

नवीन पोहण्याची चड्डी घेतली. बाहेर सहा डिग्री होतं. दुकानदार दोनदा माझ्याकडे बघून गेला.

७ जुलै

पान पुन्हा उघडलं, केवळ आनंदासाठी. आकड्याखाली एक तारीख आहे. ऑगस्टअखेर. 'शेवटची मुदत.' म्हणजे त्या तारखेपर्यंत त्यांनी मला पैसे दिलेच पाहिजेत. सरकारला शिस्त लावणारा कायदा आहे, चांगलं आहे.

८ जुलै, सकाळी ९

तारखेखाली पैसे भरायच्या ठिकाणांची यादी आहे. एकशे चाळीस काउंटर. आमच्या सायागो वस्तीतलं, कोपऱ्यावरचं लॉटरीचं दुकानही त्यात.

सकाळी साडेनऊ. रिफंड घ्यायला लॉटरीच्या दुकानात कोण बोलावतं.

सकाळी दहा. चष्मा लावला.

सकाळी सव्वादहा. खात्याची चूक आहे. ढळढळीत. मी त्यांना एक्केचाळीस हजार देणं लागतो असं त्यांचं म्हणणं आहे. हसू आलं. मग आकडा पुन्हा वाचला. मग परत हसू आलं, पण कमी.

निर्णय: चूक दुरुस्त होईपर्यंत नेलिदाला सांगायचं नाही. तिला उगाच कशाला ताप. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

९ जुलै

खात्याला पत्र लिहिलं. पाच पानं. सुरुवात सौम्य, तिसऱ्या पानापासून कडक. शेवटी सही, दोन्ही नोकऱ्यांची पदं आणि 'एक प्रामाणिक नागरिक'. पाठवताना कळलं, त्यांच्या पानावर फक्त चारशे अक्षरं बसतात. पाच पानांतून चारशे अक्षरं काढली. उरलं ते असं: आकडा चुकलाय, बघा. आदरपूर्वक.

नेलिदा रात्रपाळीला गेली. या आठवड्यात तिसरी. आवडती मालिका बघायलाही बसत नाही, बोलतही नाही. साल्तोच्या आनंदात असणार. बायका आनंद आत ठेवतात.

१२ जुलै

स्वतः टॅक्स ऑफिसात गेलो. नंबर २१८, तेव्हा चालू होता ९१. फाइल छातीशी धरून बसलो. शेजारच्या म्हातारीने माझ्या थर्मासमधलं पाणी मागितलं आणि तिचा माटे मला दिला. तिचं काम विधवा पेन्शनचं होतं. मी तिला दार्दो पद्धत समजावून सांगितली. तिला नोकरी नाही हे नंतर कळलं.

काउंटरवर एक मुलगी, पंचविशीची. साहेब, साहेब करत होती, वळण चांगलं. मी शांतपणे बोलायला सुरुवात केली. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन फॉर्म. दोन्हीवर चौकटीत बरोबरची खूण. दोन्हीवर माझी सही. गोदामाच्या फॉर्मवर तर मी खुणेखाली दोन रेघाही मारल्या होत्या.

ती म्हणाली, साहेब, सूट माणसाला एकदाच असते, नोकरीगणिक नसते. तुम्ही दोनदा घेतलीत, म्हणून वर्षभर कापलं नाही, म्हणून आता एकदम. इथे बारीक अक्षरांत लिहिलंय बघा.

मी म्हणालो की मला हे एका तज्ज्ञाने सांगितलं होतं. ती म्हणाली, त्यांच्याकडे परत जाऊ नका.

मग म्हणाली, यंदाचेही सहा महिने तसेच गेलेत, आजच एका ठिकाणची खूण काढा, नाहीतर पुढच्या जुलैत पुन्हा हेच. पाच हप्त्यांत भरता येईल. पुढचा नंबर.

बाहेर पायरीवर बसून दोन बिस्किटं खाल्ली. पद्धत चुकीची नाही. सरकारकडून वर्षभर बिनव्याजी कर्ज घेतलं, असं बघायला हवं. बँकवाले याला अक्कल म्हणतात. मुलगी नवीन आहे.

१३ जुलै

योजना. हप्ता ८,२४३. सिगारेट बंद: महिन्याला तीन हजार. कोपऱ्यावरच्या बेकरीतलं गोडधोड बंद: दोन हजार. गोदामात चालत जाणार, बस बंद: दीड हजार. उरलेलं बघू. पाच महिन्यांत प्रश्न मिटला, नेलिदाला कळायचीही गरज नाही. साल्तोही होणार. इतकं सोपं होतं आणि मी चार दिवस झोपलो नाही.

१४ जुलै

रविवार. रविवारी कोणी सिगारेट सोडत नाही.

१५ जुलै

शाळा उघडली. गोदामात चालत गेलो. एक तास दहा मिनिटं उशीर, अर्ध्या दिवसाचा पगार कापला. परतताना बस. वाटेत बेकरी.

१८ जुलै, सुट्टी

विल्मारकडे अंगणात मांस भाजायचा बेत. खर्च वाचेल म्हणून गेलो. भूकही होती.

तिथे भलतंच. सगळ्यांनी आपापली पानं उघडलीयत. ओफेलियाबाईंचा आकडा त्रेसष्ट हजार, विल्मारचा अठ्ठावन्न. सगळे खुशीत. मी ग्रुपवर आनंद करा म्हणालो होतो, ते आनंद करतायत. ओफेलियाबाईंनी दोन दारांचा फ्रिज मागवलाय, बर्फ आपोआप पडतो तो. विल्मारने मोटरसायकलला पैसे भरलेत. म्हणाला, दार्दो, पहिली चक्कर तुला.

मी म्हणालो, सरकारी कामं असतात, घाई करू नये. ओफेलियाबाई म्हणाल्या, बघा, माणूस किती साधा. सगळ्यांनी माझ्या नावाने ग्लास उचलले. मीही उचलला. न उचलता कसं चालेल.

मांस छान भाजलं होतं. मला मात्र गिळवेना. तरी तीन वेळा घेतलं, नाहीतर शंका आली असती.

निर्णय: सोमवारी सगळ्यांना सांगणार. थेट.

२२ जुलै, सोमवार

ओफेलियाबाईंनी माझ्यासाठी आटवलेल्या दुधाचा केक करून आणला. वर क्रीमने लिहिलं होतं: डॉक्टर दार्दो. अशा वेळी कसं सांगणार. खाल्ला. घरी एक तुकडा नेला.

नेलिदा टेबलावर डोकं ठेवून झोपली होती, गणवेशातच. तिच्या पुढ्यात एक कागद होता, मी येताच तिने पालथा घातला. लग्नाच्या वाढदिवसाचं गुपित असणार. केक तिने खाल्ला नाही.

२५ जुलै

आजोबांचा अकॉर्डियन विकायला काढला. पंधरा हजार तरी येतील असा अंदाज. बाजारातला माणूस म्हणाला, साहेब, याच्या आत उंदीर राहून गेलाय. चौदाशे दिले. जाण्यायेण्याची टॅक्सी नऊशे. निव्वळ प्राप्ती पाचशे. चारशेची सिगारेट घेतली, कारण आजोबांची आठवण आली.

२९ जुलै

महिन्याची एकोणतीस, म्हणजे रिवाजाप्रमाणे न्योकी. बटाटे उकडून, मैद्यात मळून छोट्या गोळ्या मी स्वतः वळल्या. बरकत यावी म्हणून ताटाखाली नोट ठेवायची असते. मी हजाराची ठेवली. या महिन्यात बरकतीची गरज जास्त.

नेलिदा आज घरी होती. तिनेही ताटाखाली काहीतरी ठेवलं. जेवायला बसलो आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं रश्शातला कांदा.

तिने ताट उचललं. खाली नोट नव्हती, तो कागद होता. टॅक्सचं विवरण, तिचं. भरायची रक्कम ३३,९०४.

म्हणाली, जाड्या, मला पाच तारखेपासून माहीत आहे. तू इतका खुश होतास, माझ्याने सांगवेना. तू फॉर्म नीटच भरला असशील, मीच कुठल्यातरी हॉस्पिटलात दुसराच कागद सही करून दिला असेन, मी रात्रपाळीहून आले की काय सही करते मला कळत नाही. तुझ्या रिफंडातून माझी चूक भरायची नाही. मी जादा पाळ्या घेतल्यात. अकरा झाल्या. अजून पाच केल्या की साल्तोचं साल्तोला राहील. रागावू नकोस.

मी ते सगळं ऐकलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. न्योकी निवत होत्या.

मी तिचा हात धरला आणि म्हणालो, नेली, चुका माणसाकडूनच होतात. मी तुला माफ केलं.

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग दोन वाट्या न्योकी खाल्ल्या.

खरं सांगायची ती वेळ नव्हती. ती आधीच दमलेली होती.

३० जुलै, पहाटे ५

मी नीच आहे का? या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी विचार केला. नाही. मी परिस्थितीचा बळी आहे. पण झोप येत नाहीये. ती बाराव्या पाळीला गेली आहे.

२ ऑगस्ट

बोंबललं. विल्मारने चष्मा लावला.

मधल्या सुट्टीत नऊच्या नऊ जण माझ्या खोलीत. ओफेलियाबाईंच्या हातात फ्रिजचं बिल. विल्मार म्हणाला, लेका, हे रिफंड नाही, आपल्यालाच भरायचेत. तुला कधी कळलं? मी म्हणालो की आत्ताच, तुमच्याबरोबर. आणि धक्का बसल्यासारखं खुर्चीत बसलो. धक्का खोटा नव्हता.

मग ओफेलियाबाईंनी विचारलं, पण ही पद्धत तुला सुचली कुठून? नऊ तोंडं माझ्याकडे. माझ्या तोंडून निघालं, एका तज्ज्ञाने सांगितली. कोण? बेर्मुदेस म्हणून आहेत, मोठे हिशेब तपासनीस. विल्मार म्हणाला, चल, आत्ता जाऊ त्यांच्याकडे. मोटरसायकल आहेच. मी म्हणालो, जाता येणार नाही. का? ते वारले.

विल्मारने टोपी काढली. म्हणाला, कधी? मी म्हणालो, जुलैत. ओफेलियाबाई म्हणाल्या, सुटला बिचारा, वेळेवर गेला.

मग सगळे माझ्यावरच दया करायला लागले. म्हणजे दार्दोही फसला. मला पाणी दिलं. मला खरंच वाईट वाटायला लागलं होतं, बेर्मुदेसबद्दल.

५ ऑगस्ट

मी गोदामात असताना ओफेलियाबाईंनी घरी फोन केला. सांत्वनासाठी. नेलिदाने उचलला. ओफेलियाबाई म्हणाल्या की दार्दोचे एक्केचाळीस हजार, आमचे त्रेसष्ट, आणि तो बेर्मुदेस मेला, आता कोणाला धरायचं.

नेलिदाने विचारलं, दार्दोचे एक्केचाळीस हजार म्हणजे?

संध्याकाळी घरी आलो तर ती टेबलाशी बसली होती. समोर माझं विवरण छापून ठेवलेलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला समजावता येतं.

म्हणाली, बेर्मुदेस कोण? मी जोडे काढू लागलो. म्हणाली, माझ्या फॉर्मवर खूण कोणी केली? मी म्हणालो, आपण. म्हणाली, आपण म्हणजे कोणी? मी म्हणालो की पेन माझं होतं. म्हणाली, आणि तुला कधी कळलं? मी म्हणालो, साधारण जुलैत.

जुलैत कधी.

आठ तारखेला.

तिने माझं विवरण पालथं घातलं. मग म्हणाली, सोळा रात्री मी लोकांची बेडपॅन उचलली, आणि मला वाटत होतं माझ्या मूर्खपणाची फेड चाललीय. आणि तू मला माफ केलंस?

मी म्हणालो की एकंदरीत चुका झाल्या. ती म्हणाली, झाल्या नाहीत, केल्या. कोणी केल्या ते सांग. जाड्या, मला पैसे नकोत, शपथा नकोत. 'चूक माझी आहे' एवढं एक वाक्य बोल. दोन शब्द आणि एक क्रियापद, शाळेत नोकरी करतोस, जमेल.

मी तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते असं: फॉर्मची रचनाच दिशाभूल करणारी आहे.

ती उठून झोपायला गेली.

६ ऑगस्ट

आज सांगणार होतो. सकाळी ती घाईत होती. दुपारी मी. संध्याकाळी तिचं डोकं दुखत होतं, किंवा दुखतंय असं तोंड होतं.

९ ऑगस्ट

न्हाणीघरात आरशासमोर सराव. चूक माझी आहे. आरशासमोर उत्तम जमतं. आवाज खर्जातला, डोळ्यांत थोडं पाणी. बाहेर आलो, ती कपडे वाळत घालत होती. म्हणालो, नेली, चूक. ती वळली. म्हणालो, चूक कुणाचीही असो, आपण पुढे बघायला हवं.

तिने चिमटा तोंडातून काढला, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि परत घातला.

१५ ऑगस्ट

शाळेत वातावरण थंड. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की टॅक्स ऑफिसातल्या मुलीला बेर्मुदेस नावाचा कोणी माहीत नाही. मी ग्रुपमध्ये असूनही लिहिलं. म्हणजे मी आहे हे विसरले, किंवा विसरले नाहीत.

फ्रिज परत घ्यायला दुकान तयार नाही. ओफेलियाबाई म्हणाल्या, निदान बर्फ तरी मिळतो. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

गोदामातल्या फॉर्मवरची खूण काढली. पगार एकदम खाली आला. मॅनेजर म्हणाला, उशिराच सुचलं. खत्रूड माणूस आहे.

२४ ऑगस्ट

आठवणींची रात्र. अख्खा देश आज जुन्या गाण्यांवर नाचतो. आम्ही दरवर्षी क्लबात जातो, यंदाही गेलो, कारण तिकिटं एप्रिलमध्ये घेतलेली.

ठरवलं होतं, संथ गाणं लागलं की तिच्या कानात सांगायचं. संथ गाणं साडेनवाला लागलं. तिचा हात माझ्या खांद्यावर, केसांना हॉस्पिटलच्या साबणाचा वास. एवढी जवळ महिनाभरात आली नव्हती. म्हणालो, नेली. ती म्हणाली, हं. मी म्हणालो, चूक. ती थांबली. पाय थांबवले तिने, ऐकायला.

मी म्हणालो, माझी पद्धत काळाच्या पुढे होती.

तिने हात काढून घेतला आणि उरलेला वेळ विल्मारबरोबर नाचली. विल्मार भयंकर नाचतो. मी तिचा कोट सांभाळला.

२८ ऑगस्ट

लॉटरीच्या दुकानात पहिला हप्ता भरला. माझा ८,२४३. तिची रक्कम तिने आधीच एकदम भरलीय, सोळा पाळ्यांचे पैसे. पावती फ्रिजवर लावली, कळावं म्हणून. तिने त्या पावतीवर चुंबकाने विजेचं बिल लावलं.

६ सप्टेंबर

साल्तोचं विचारलं. खोली दोघांची आहे, बारा हजार परत मिळत नाहीत, आपण जाणारच ना? ती म्हणाली, मी जाणार. खोली दोघांची आहे हेही खरं.

तिला अजून राग आहे, पण प्रवासात तो उतरेल. पाचशे किलोमीटर म्हणजे सहा तास. सहा तासांत वाक्य होईल. शक्यतो चौथ्या तासाला.

१३ सप्टेंबर, सकाळ

बॅग भरली. दोघांच्या बॅगा मी बस स्थानकावर वाहून नेल्या. नेलिदाने विचारलं, ही दुसरी कोणाची? मी म्हणालो, माझी. तेवढ्यात ओफेलियाबाई आल्या, टोपी, गॉगल, स्वतःची बॅग.

नेलिदा म्हणाली, फ्रिजवाल्या बाईला थोडं गरम पाणी मिळू दे.

मी तरी शेवटपर्यंत उभा राहिलो. गाडी सुटेपर्यंत काहीही होऊ शकतं. नेलिदा पायरीवरून खाली वाकली. म्हणाली, जाड्या, मी अजूनही इथेच आहे, अर्धा मिनिट आहे. मी सांगणारच होतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, लोक बघत होते, हमाल कान देऊन ऐकत होता. म्हणालो, पोचल्यावर फोन कर.

दार बंद झालं. माझी बॅग घेऊन घरी आलो.

१४ सप्टेंबर, दुपारी ३

पंचवीस वर्षं. घरात मी एकटा. पलंगाची तिची बाजू नीट घडी घातलेली. मला तिची आठवण येतेय, वाईट येतेय, आणि यात आता कोणाचीही दिशाभूल नाही.

चूक माझी आहे. लिहिलं. छप्पर पडलं नाही. मोठ्याने म्हटलं. तेही झालं. उशीर करायचा नाही म्हणून लगेच फोन लावला.

ओफेलियाबाईंनी उचलला. म्हणाल्या, नेलिदा कुंडात आहे, निरोप देऊ का? मी आधी म्हणालो नको. मग म्हणालो, द्या. तिला सांगा, चूक माझी आहे. पद्धत माझी, खूण माझी, बेर्मुदेस कधीच नव्हता.

ओफेलियाबाई म्हणाल्या, दार्दो, हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. बेर्मुदेसच्या आत्म्याला शांती म्हणून आम्ही त्याच्या नावाने बिअर प्यायलो. बरं, सांगते. आणि तिथूनच ओरडल्या, नेलिदा, दार्दो म्हणतोय चूक त्याची होती.

पाण्याचा आवाज येत होता. मग लांबून नेलिदाचा आवाज आला. तिने विचारलं, कोणती?

मी म्हणालो, टॅक्सची. ओफेलियाबाईंनी ओरडून सांगितलं. पलीकडून काही आलं नाही, नुसतं पाणी. थोड्या वेळाने ओफेलियाबाई म्हणाल्या, ती पलीकडच्या कुंडात गेली रे.

फोन ठेवल्यावर कळलं. ती टॅक्सचं विचारत नव्हती. एकोणतीस जुलैला, ताटाखालचा कागद हातात धरून ती रडत होती, आणि मी तिला म्हणालो होतो, मी तुला माफ केलं.

पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. सहा वेळा लावला. नंतर बंद लागायला लागला.